मोकळा पाट

१

सोमवार ते शनिवार मी पनवेलच्या बाजारात चष्मे विकतो. लोकांना नीट दिसावं म्हणून आठवडाभर उभा राहतो आणि रविवारी मला जे दिसतं त्याचं काहीतरी करतो. सकाळी कॅमेरा घेऊन निघायचं आणि एक फोटो काढायचा. दुपारी त्या फोटोवर कविता लिहायची. संध्याकाळी पेटी काढून कवितेला चाल लावायची. मग माझी मुलगी कीर्ती ती गाते, मी रेकॉर्ड करतो आणि फोटो, शब्द, सूर एकत्र गुंफून दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ करतो. या प्रकाराला मी ‘तिपेडी’ म्हणतो. वेणीचे तीन पेड सारखे ओढले तरच ती बसते, नाहीतर झिंज्या होतात.

माझ्या बायकोचं, दमयंतीचं, या विषयावरचं मत थोडक्यात असं की तीन अर्धवट कामं एकत्र केली म्हणून एक पूर्ण काम होत नाही. ती उरणकडची, आगऱ्यांच्या घरातली. बोलायला बसली की मिठासारखी झोंबते. मी तिकडे लक्ष देत नाही. गावात कविता करणारे पुष्कळ आहेत, फोटो तर आता दूधवालाही काढतो. तिन्ही एकत्र करणारा पनवेलात मी एकटा आहे.

कीर्ती तेवीस वर्षांची. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, घरी आली की गुणगुणत भाजी चिरते. तिचा आवाज हाच तिपेडीचा खरा जीव होता, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तसं तिला बोलून दाखवायची कधी गरज वाटली नाही. उगाच डोक्यात हवा जाते.

फोटोंच्या बाबतीत माझा एक नियम आहे. चौकटीत माणूस नको. माणूस आला की बघणारा त्याच्याकडेच बघतो, आणि फोटो माझा राहत नाही. म्हणून माझ्या सगळ्या फोटोंत माणूस नुकताच उठून गेलेला असतो, म्हणजे रिकामा बाक, दोरीवरचा शर्ट, थांब्यावर विसरलेली छत्री असलं काहीतरी.

२

कल्पेशच्या लग्नाला आम्ही तिघं गेलो. कल्पेश हा दमयंतीच्या भावाचा मुलगा. त्यांचं गाव उरणच्या वाटेवर, घराच्या मागे बांध आणि बांधाच्या पलीकडे खाडी. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतात, पण खरं लग्न धवलारीण लावते. ती बाई धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन एकेक विधी करून घेते आणि गाण्यात नवरा-नवरीची नावं गुंफते. कल्पेशच्या लग्नाची धवलारीण होती चंद्रावती, दमयंतीची लांबची मावशी. दात गेलेले, आवाज मात्र पत्र्यावर खिळा ओढावा तसा टोकदार. त्या आवाजानं माझी झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव सोडत होते. मागच्या बाजूला भरती पूर्ण आलेली, पाणी बांधाला लागलेलं. मला तिथेच फोटो दिसला. लग्नाचे दोन पाट भिंतीला उभे करून ठेवले होते. ते मी आणून पुन्हा समोरासमोर मांडले, उरलेल्या अक्षता टाकल्या, हळदीची बोटं ओढली. दमयंतीची वहिनी आशालता कपबश्या गोळा करत होती. ती म्हणाली, भावजी, उचललेले पाट परत मांडत नाहीत. मी म्हटलं, एकच मिनिट. आणि फोटो काढला. दोन रिकामे पाट, मागे पाणी. असा फोटो वर्षातून एखादाच होतो, हे मला कॅमेऱ्यातच कळलं.

आता चाल हवी होती. चंद्रावतीमावशी कोपऱ्यात चहाचा कप घेऊन रिक्षाची वाट बघत बसली होती. मी फोन तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, कालचा धवला जरा म्हणा.

"लगीन लागला ना काल," ती म्हणाली. "आता कोनाचा नाव घेऊ?"

कीर्ती माझ्या शेजारी होती. कालच्या हळदीनं तिचे कान अजून पिवळे होते. ती हसून म्हणाली, "माझं घ्या ना, आजी."

म्हातारीनं तिच्याकडे बघितलं, मग त्या दोन पाटांकडे. नको म्हणाली. मीही चिकाटीचा माणूस. तिला सांगितलं, तुम्ही काय आज आहात, उद्या नाही, तुमचा आवाज तरी राहू दे. तिचा चेहरा उतरला, पण ती गायला लागली. कीर्तीचं नाव घेऊन दोन ओळी म्हणाली, आणि जिथे नवऱ्याचं नाव येतं तिथे आली आणि थांबली. फोनवर तळहात ठेवला.

"याच्यापुढं नाय. हितं नाव लागतं."

चहा तसाच टाकून ती उठली. जाता जाता तिनं एक पाट उचलून भिंतीला उभा केला. दुसऱ्याकडे वळली तर मी तिला थांबवलं, मला अजून एक फ्रेम हवी होती. ती फ्रेम काढली, पण जमली नाही. तेवढ्यात दमयंतीनं हाक मारली आणि आम्ही निघालो. तो दुसरा पाट नंतर कोणी उचलला, मला माहीत नाही.

३

त्या रविवारी कविता एका बैठकीत झाली. सुरुवातच अशी होती:

मांडव सुटला, माणसं गेली, पाट राहिले दोन;
एका पाटावर बसली कीर्ती, दुसऱ्या पाटावर —

आणि पुढे काही नाही. म्हातारी जिथे थांबली तिथेच मी जागा सोडली. दोन आवर्तनं नुसता पेटीचा षड्ज, मग पुढची ओळ. पडद्यावर त्या वेळी मोकळा पाट मोठा होत जातो आणि खाली अक्षरं येतात, ‘ही जागा तुमची’. ऐकणाऱ्यानं आपल्या मनातलं नाव तिथे भरायचं. कल्पना सुचली तेव्हा मी घरात एकटाच टाळी वाजवली. दमयंती स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

कीर्तीचं नाव चालीत इतकं बरोबर बसत होतं की बदलायचा प्रश्नच नव्हता.

रेकॉर्डिंगला मात्र एक कटकट झाली. कीर्ती तालाची पक्की आहे, पण त्या जागेनंतर ती दर वेळी उशिरा उचलायची. दोन आवर्तनं संपायची, पेटी पुढे जायची आणि ही गप्प. मी चिडलो. तिला विचारलं, झोपलीस का? ती म्हणाली, "तुम्हीच घाई करता, बाबा. त्याचं संपू तर द्या."

कोणाचं, असं विचारलं तर ती क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, जागेचं. शेवटी मी हार मानली आणि जागा तिच्या मापानं वाढवली. वाढवल्यावर ती जास्त चांगली वाटली. कलाकाराला नको तिथला हट्ट सोडता आला पाहिजे.

तो व्हिडिओ लोकांनी डोक्यावर घेतला. आतापर्यंत माझ्या तिपेड्या नातेवाईक बघायचे, तेही अंगठा दाखवून पुढे जायचे. या वेळी अनोळखी लोक खाली नावं लिहायला लागले, कोणी गेलेल्या नवऱ्याचं, कोणी न मिळालेल्या मुलाचं. मग मुंबईच्या एका गॅलरीतून अथर्व नावाच्या तरुणाचा फोन आला. त्यांच्या प्रदर्शनात ही तिपेडी लावायची होती, भिंतभर फोटो, समोर खरे दोन पाट आणि अंधारात गाणं. फक्त आवाज पुन्हा स्वच्छ रेकॉर्ड करून द्या, म्हणाला, आणि ती जागा तेवढी तशीच ठेवा, निनाद सर, सगळं त्या जागेतच आहे.

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी कारण नसताना सर म्हटलं होतं. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

पाट आशालतानं पाठवून दिले. एक घरात होता. दुसरा मागच्या बांधाखाली, भरतीच्या रेषेत सापडला म्हणाली. तो ओला होता. मी गच्चीवर उन्हात ठेवला. फळी जुनी, पाणी धरून बसली असणार.

४

यानंतर घरात जे होत गेलं, ते वेगवेगळं घेतलं तर काहीच नव्हतं.

कीर्ती सोफ्याच्या मध्ये मांडी घालून बसणारी मुलगी. ती कडेला बसायला लागली. शेजारी एका माणसाची जागा सोडून, अंग चोरून. दमयंती तिथे बसायला गेली की ती म्हणायची, आई, इकडे बस, आणि स्वतःची दुसरी बाजू दाखवायची. ताटातला अर्धा भात बाजूला काढून ठेवायची. बोलता बोलता मध्येच थांबायची, मान किंचित कलती करून, समोरच्याचं बोलून व्हायची वाट बघावी तशी, आणि मग आम्ही विचारलंच नव्हतं अशा गोष्टीवर हं म्हणायची.

मी कानातल्या त्या बिनतारी बोंडांना दोष दिला. आजकाल कोण कुणाशी बोलतंय हे कळतच नाही. पण तिच्या कानात काही नव्हतं.

एकदा सकाळी आम्ही दोघं रिक्षात बसलो, तिला लॅबमध्ये सोडून मी दुकानात जाणार होतो. रिक्षावाल्यानं गाडी सुरू केली तर ती म्हणाली, थांबा जरा. ओढणी गोळा केली, माझ्याकडे सरकली, पलीकडे जागा केली. थोडं थांबली. मग म्हणाली, चला आता. माझा खांदा लोखंडी दांड्यात रुतत होता आणि तिच्या पलीकडे एक माणूस आरामात बसेल एवढी सीट रिकामी होती. मी बाहेर बघत राहिलो. सकाळची वेळ, रस्त्यावर ही गर्दी, भाजीवाले ओरडत होते.

प्रितेशही दुकानात येऊन गेला. हा मुलगा कीर्तीच्या लॅबमधला, दोघांचं जमलं होतं आणि दमयंतीला तो पसंत होता. मला विशेष नव्हता, कवितेतलं त्याला ओ की ठो कळत नाही. काउंटरवर हात टेकून तो हळू म्हणाला, "काका, मी बोलायला लागलो की ती म्हणते, थांब, त्याचं होऊ दे. आणि माझ्या बाजूला बघते. तिथे कोणी नसतं." मी त्याला म्हटलं, बस, नंबर तपासून देतो. तो बसला नाही, निघून गेला.

मी अडाणी नाही. रात्रंदिवस काचा तपासणारा माणूस आहे, दिसणं आणि असणं यातला फरक माझ्या पोटापाण्याचा आहे. म्हणून मी कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली. मोकळ्या जागेत पेटीच्या सुराची सपाट पट्टी असायला हवी होती. तिथे एक छोटा फुगवटा होता. कान देऊन ऐकलं तर बोलण्याआधी माणूस श्वास घेतो तसा श्वास. पेटीचा भाता असेल, म्हटलं. दोन दिवसांनी पुन्हा उघडली तर फुगवटा मोठा होता. झाकून ठेवलेली फाइल वाढत नाही, एवढं मलाही कळतं. मग मी फोटो उघडला. त्या मोकळ्या पाटावरच्या अक्षता मी मधोमध टाकल्या होत्या. आता त्या चारी कडांना सरकल्या होत्या, मध्ये कोणी बसलं की सरकतात तशा. मी दोन फ्रेम काढल्या होत्या. कुठली कुठली यात गल्लत झाली असणार.

खोडून टाकावं असं तेव्हा मनात आलं नाही असं नाही. पण तो श्वास गाण्यात फार सुंदर लागत होता.

५

दमयंती एकटीच उरणला जाऊन आली. परत आली ती चपला न काढता माझ्यासमोर उभी राहिली. चंद्रावतीमावशीनं तिला घरात घेतलं नाही. उंबऱ्याच्या आतून एवढंच विचारलं, जागा भरली का? दमयंती नाही म्हणाली. मग मावशी म्हणाली, भरून टाक नायतर मोडून टाक, पन पोरीच्या तोंडून परत म्हनवू नको. आणि दार लावून घेतलं. दमयंतीनं कडी वाजवली तर आतून म्हातारी रडत होती, उघडलं नाही.

मी म्हटलं, ती म्हातारी अशीच आहे. पूर्ण गायची हिंमत नव्हती, आता भीती घालते.

"तिथं प्रितेशचं नाव घाला," दमयंती म्हणाली. "ओळखीचं, हातीपायी धड माणसाचं नाव घाला. लोक हसले तर हसू देत."

"मग त्यात उरलं काय?"

"पोरगी उरेल," ती म्हणाली.

मी तिला समजावायचा प्रयत्न केला. ती जागा म्हणजेच ती कलाकृती आहे, गॅलरीनं तीच मागितली आहे. तिथे प्रितेश घातला तर ते लग्नातलं गाणं होईल, लाउडस्पीकरवर लावायच्या लायकीचं. आपल्या घरातलं काहीतरी पहिल्यांदा बाहेर जातंय आणि तू अंगारे-धुपारे घेऊन बसलीस. यावर ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं माझे पाय धरले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, या बाईनं सणावारीही कधी वाकून नमस्कार केला नव्हता. मला लाज वाटली आणि रागही आला. मी म्हटलं, बरं, नव्या रेकॉर्डिंगमध्ये प्रितेशचं नाव घालू.

तिनं लगेच प्रितेशला फोन करून रविवारी दुपारी घरी बोलावलं. तो समोर असला की बरं, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकानातून मी प्रितेशला फोन केला आणि रेकॉर्डिंग पुढे गेलंय, येऊ नकोस, असं सांगितलं. कीर्तीलाही बाजूला घेतलं. आईसमोर हो म्हण, आत गेल्यावर जागा सोड. मला वाटलं होतं ती खोटं बोलायला नाही म्हणेल.

"मी सोडणारच होते, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "तिथे माझी बोलायची पाळीच नसते."

हे ऐकून मला घाबरायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

६

दुपारी आमची बिल्डिंग गाढ झोपते. पाण्याचा पंप बंद, पोरं घरात, वडाळे तलावाकडून येणारे आवाजही दबलेले. रेकॉर्डिंगला हीच वेळ बरी. आतल्या खोलीत खिडकीच्या दोन हात अलीकडे मी दोरी बांधली आणि तिच्यावर जाड पांढरी सोलापुरी चादर सोडली. गाणाऱ्याचा आवाज काचेवर आपटून परत येऊ नये म्हणून ही सोय. चादर जमिनीच्या वर वीतभर राहिली. तिच्यासमोर माइक लावला. कीर्ती खाली बसून गाते, तिनं दोनपैकी एक पाट ओढून घेतला आणि चादरीकडे तोंड करून बसली. दुसरा पाट चादरीच्या पलीकडे, खिडकीखाली, भिंतीला उभा होता. मी स्वतः ठेवला होता.

मी तिच्या मागे, दाराशी, कॉम्प्युटर समोर घेऊन, कानाला हेडफोन लावून बसलो. पेटी मी आधीच वाजवून ठेवली होती, ती माझ्या हेडफोनमध्ये आणि कीर्तीच्या एका कानातल्या बोंडात लागणार होती. दमयंती बाहेर दाराला टेकून उभी होती, ते नाव आपल्या कानानं ऐकायला. प्रितेश कसा आला नाही, असं तिनं दोनदा विचारलं होतं. मध्येच दार उघडून आवाज नको म्हणून मी आतून कडी लावली.

कीर्ती गायला लागली. माझ्या मुलीचा आवाज मी लहानपणापासून ऐकतोय, पण असा तो कधी लागला नव्हता. ओळ संपली की सूर हवेत राहायचा, भरलेल्या घागरीवरच्या पाण्यासारखा काठोकाठ. पाट राहिले दोन. एका पाटावर बसली कीर्ती. दुसऱ्या पाटावर.

ती थांबली. पेटीचा षड्ज चालू होता.

बाहेर दमयंतीनं नावाची वाट बघितली असणार. मग तिनं दारावर थाप मारली. पहिल्यांदा हळू, मग दोन्ही हातांनी, आणि मला हाका मारायला लागली. अहो, दार उघडा. नाव घ्यायला सांगा तिला. मी हात वर करून तिला गप्प बसायची खूण केली, बंद दाराकडे बघून. टेक खराब होईल एवढंच डोक्यात होतं.

आणि खारट वास आला. ओहोटीच्या वेळी खाडीला येतो तो.

माझी नजर चादरीच्या खालच्या फटीत गेली. पलीकडचा पाट आता उभा नव्हता. तो चादरीला लागून आडवा मांडलेला होता, कीर्तीच्या पाटासमोर. त्यावर दोन पावलं होती. बोटं आमच्याकडे. दिवसभर धुणं केल्यावर बोटांची कातडी होते तशी पांढरी आणि सुरकुतलेली, आणि बोटांच्या बेचक्यांत काळा चिखल. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, पण चादरीवर सावली पडली नव्हती.

हेडफोनमध्ये कोणीतरी श्वास घेतला. कॉम्प्युटरवरची हिरवी पट्टी वर चढली. मग एक नाव ऐकू आलं, अगदी स्पष्ट, सुरात. ते फार सोपं नाव आहे, सहज ओठांवर येईल असं, म्हणून मी ते इथे लिहीत नाही.

कीर्तीनं मान खाली घातली. लाजली ती. मागून मला तिचा कान दिसत होता, त्याला अजून पिवळेपणा होता.

माझं बोट बटणावर होतं. ते दाबलं असतं तर सगळं थांबलं असतं, निदान गाणं तरी. ‘ती जागा मोडून टाक’ हे मला त्या क्षणी आठवत होतं, मी भुलून गेलो होतो अशातला भाग नाही. फक्त चार ओळी उरल्या होत्या. आणि तिनं पुढची ओळ बरोबर तालावर उचलली, पहिल्यांदाच. मी बोट बाजूला घेतलं आणि टेक संपेपर्यंत बसून राहिलो.

शेवटचा सूर विरला तशी दोरीची गाठ सुटली आणि चादर खाली आली. पलीकडे कोणी नव्हतं. पाट मांडलेला होता आणि त्याखालून पाणी पसरत होतं.

कीर्ती उठली. तिनं कडी काढली. दमयंती दारात होती, हाताची बोटं सोललेली. कीर्ती तिच्या पायांशी वाकली, एका माणसाची जागा शेजारी सोडून. दमयंती मागे मागे भिंतीपर्यंत गेली. मग कीर्ती वळली आणि माझ्या पाया पडली.

लग्नसराईत हे इतक्यांदा होतं की हात आपोआप पुढे जातात. जोडपं वाकलं की एक हात हिच्या डोक्यावर, एक त्याच्या. माझे दोन्ही हात पुढे गेले. उजव्या हाताखाली माझ्या मुलीचे केस होते, खोबरेल लावलेले, ऊबदार. डाव्या हाताखालीही केस होते. ओलेगच्च, मिठानं चिकटलेले, आणि त्यांच्याखाली गार कवटी. ती माझ्या तळव्याला हलकेच टेकली.

"नांदा सौख्यभरे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"येतो आम्ही, बाबा," कीर्ती म्हणाली. आणि बाहेर गेली.

दमयंती किंचाळत तिच्या मागे जिन्यानं धावली. मी आधी फाइल सेव्ह केली.

७

वॉचमननं सांगितलं, ताई रिक्षात बसल्या, थोडं थांबल्या, सरकून जागा केली, मग चला म्हणाल्या. रिक्षावाला सापडला. त्यानं तिला उरणच्या रस्त्याला सोडलं होतं, पाण्याच्या बाजूला. पोलिसांनी मोरा बंदराच्या धक्क्यापर्यंत चौकशी केली, कोळ्यांनी होड्या घातल्या. काही मिळालं नाही. मिळणार नाही हे मला माहीत होतं, पण ते कोणाला सांगता येत नव्हतं. प्रितेश अजून रोज धक्क्यावर जातो म्हणे. मी केलेल्या फोनबद्दल त्यानं दमयंतीला सांगितलं असणार.

दमयंती माहेरी गेली. जाण्याआधी तिनं एकच विचारलं, तुम्ही डावा हात हवेत कशावर ठेवला होता. मी सांगितलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मी मात्र घरी एकटा असलो की रडतो, पोटातून रडतो, मुलगी माझी होती. तिचे कपडे तसेच आहेत, भाजी चिरायची सुरीही तिथेच आहे. मग थोड्या वेळानं उठून टेक ऐकतो. त्यात दारावरच्या थापा नाहीत, दमयंतीच्या हाका नाहीत. ते नावही नाही. मोकळ्या जागेत नुसता पेटीचा षड्ज आहे, पहिल्यासारखा सपाट. काम झालेलं आहे.

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडलं. भिंतभर फोटो, समोर दोन पाट. मोकळा पाट कितीही पुसला तरी ओला होतो, लोकांना ती माझी करामत वाटते. गाणं त्या जागेपाशी आलं की अंधारात सगळे श्वास धरतात, काहींचे ओठ हलतात.

पहिल्याच संध्याकाळी एक बाई डोळे पुसत माझ्याजवळ आल्या. पाटावरची नवरी कीर्ती आणि गाणारी कीर्ती एकच का, विचारलं. मी हो म्हटलं, माझी मुलगी. काय आवाज आहे हो, त्या म्हणाल्या, आज आली नाही का ती?

म्हटलं, ती सासरी असते.